मजकूर आधी, माउस नंतर : मांडणीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न वरवर पाहता सॉफ्टवेअरचे आहेत. खोलात गेलं तर अडचण कधी मजकुरात निघते, कधी खोलीतल्या दिव्यात, तर कधी फलक टांगण्याच्या जागेत. एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पुस्तिकेची मांडणी मी आधी नमुन्याचा मजकूर भरून करते. ती मंजूर होते. खरा मजकूर ओतला की उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतात, मथळे फुगतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. चूक कुठे होते?

चूक नमुन्याच्या मजकुरात आहे. ‘येथे मजकूर येईल’ हे वाक्य चाळीस वेळा चिकटवून पान भरतात. त्यात रफार नाही, अनुस्वार नाही, एकही जोडाक्षर नाही. अशा गुळगुळीत मजकुरावर कुठलीही मांडणी देखणी दिसते. मराठीची खरी उंची आणि खोली कळायची तर चाचणीचे शब्द मुद्दाम वाईट निवडायला हवेत. वरच्या ओळीत खाली लोंबणारे घ्या : शत्रू, दृढ, कुटुंब, उद्ध्वस्त. खालच्या ओळीत वर चढणारे घ्या : मूर्तींच्या, सर्वांनी, कर्तृत्व, ट्रॅक्टर. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवा आणि अक्षरं एकमेकांना शिवायची थांबेपर्यंत अंतर वाढवा. त्या टंकासाठी ओळींमधलं किमान अंतर तेच.

दुसरा दोष हत्याराचा आहे. इनडिझाइनसारखं सॉफ्टवेअर ओळींमधलं अंतर आपणहून अक्षराच्या आकाराच्या १२०% धरतं, म्हणजे १२ पॉइंटला १४.४. हा हिशेब रोमन लिपीचा. रोमनमध्ये बाराखडी नाही, आणि इंग्रजीत तरी अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी एकाच वेळी काही बसत नाही. देवनागरीच्या सलग मजकुराला १२ पॉइंटवर साधारण १८ ते २० पॉइंट अंतर लागतं. मथळ्यात ते १३०% पर्यंत आवळता येतं, पण प्रत्येक मथळा डोळ्यांनी तपासायची तयारी हवी. टंक बदलला की हिशेब नव्याने करा. मुक्ता, नोटो आणि तिरो देवनागरी मराठी हे तिन्ही टंक १२ पॉइंटवर शेजारी शेजारी लावून पाहा, अक्षराची प्रत्यक्ष उंची एकसारखी येणार नाही.

स्तंभाची रुंदीही मजकूरच ठरवतो. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द ४५ मिलिमीटरच्या स्तंभातली मोठी जागा अडवतो, आणि दोन्ही कडा सरळ ठेवल्या असतील तर उरलेल्या दोन शब्दांमध्ये खड्डे पडतात. अरुंद स्तंभात उजवी कड मोकळी सोडा. सरळ कड हवीच असेल तर जस्टिफिकेशनमध्ये अक्षरांमधलं अंतर तिन्ही रकान्यांत ० ठेवा आणि ताण फक्त शब्दांमधल्या अंतरावर येऊ द्या. अक्षरं एकमेकांपासून दूर सरकवली की शिरोरेषेला फटी पडतात आणि शब्द विस्कटलेला दिसतो. इंग्रजीतली मोठी अक्षरं सुटी सुटी लावायची सवय हाताला असते. मराठी मथळ्यावर ती चालवू नका. शब्द तोडावाच लागला तर पूर्ण अक्षरानंतर तोडा, जोडाक्षराच्या पोटात नाही.

आता पूर्ण मजकूर हाती नसेल तर काय? ग्राहकाकडून निदान चार गोष्टी आधी घ्या : सर्वांत लांब मथळा, सर्वांत छोटा मथळा, यादीतलं सर्वांत लांब नाव आणि तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा. या चार टोकांवर टिकलेली मांडणी मधल्या मजकुरात सहसा दगा देत नाही. बाकी जागा त्याच ग्राहकाच्या जुन्या मजकुराने भरा.

पानांचा अंदाजही आधीच बांधता येतो. ए५ पानाला चारही बाजूंनी १८ मिलिमीटर समास सोडले तर मजकुराला ११२ बाय १७४ मिलिमीटर जागा उरते. ११ पॉइंट अक्षर आणि १८ पॉइंट ओळ-अंतर घेतलं तर एक ओळ ६.३५ मिलिमीटर खाते, म्हणजे २७ ओळी. ओळीला सरासरी ९ शब्द धरा, पानाला २४० च्या आसपास शब्द बसतील. हे गणित पहिल्याच बैठकीत मांडलं की ‘चार पानांत तीन हजार शब्द’ हा आग्रह तिथेच निकालात निघतो.

प्रश्न : युनिकोडमधला मजकूर चिकटवला की काही ठिकाणी पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. टंक खराब आहे का?

बहुतेक वेळा टंक निर्दोष असतो. युनिकोडमध्ये ‘कि’ हा क आधी आणि वेलांटी नंतर असाच साठवलेला असतो. पडद्यावर वेलांटी क च्या आधी आणून ठेवणं हे मजकूर जुळवणाऱ्या इंजिनाचं काम. ते इंजिन भारतीय लिप्यांसाठी चालू नसेल तर साठवणीचा क्रम जसाच्या तसा दिसतो.

इनडिझाइनमध्ये मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर लावा. एकेका परिच्छेदाला लावत बसण्यापेक्षा मूळ पॅराग्राफ स्टाइलमध्येच लावा, नाहीतर नवीन चौकटीत तीच चूक परत येते. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ सुरू करावं लागतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही टाइप प्रेफरन्सेसमध्ये मजकुराचं इंजिन बदलता येतं. बदलल्यावर नवी फाइल उघडून तपासा. त्यानंतर मजकुराची भाषा ‘मराठी’ ठरवा. हे बहुतेक जण विसरतात. अनेक टंकांत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी वेगळे काढलेले असतात, पण भाषा हिंदी ठेवली किंवा ठरवलीच नाही तर ते बाहेर येत नाहीत.

जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतला मजकूर ही निराळी जात. त्यात प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि देवनागरीचा फक्त मुखवटा असतो. टंक बदलला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटतो. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि नंतर चार जागा हाताने तपासा : रफार, अवतरणचिन्हं, आकडे आणि अर्धा र.

अर्धा र सर्वांत घातक, कारण चूक झाली तरी शब्द बरोबर दिसतो. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. जुन्या पद्धतीत हा अर्धा र साध्या र नंतर पायमोड आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन मिळवतात. मजकूर ईमेलमधून किंवा एखाद्या साफसफाई करणाऱ्या साधनातून फिरला की ते अदृश्य चिन्ह गळतं आणि ‘किनाऱ्यावर’चं ‘किनार्यावर’ होतं. म्हणून टिंब असलेला ऱ वापरून टंकणं सुरक्षित. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे, मग डी, मग पूर्णविरामाशेजारची तिरकी रेघ : ऱ्य. छपाईला देण्यापूर्वी ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून सगळी ठिकाणं एकदा नजरेखालून घाला. सरसकट बदल मात्र करू नका, नाहीतर ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ बिघडतील.

प्रश्न : रात्री ठरवलेला रंग सकाळी वेगळा वाटतो आणि छापून आल्यावर तर गडदच येतो. मॉनिटर महागातला आहे. तरी असं का?

मॉनिटरच्या आधी खोली तपासा. डोळा कुठलाच रंग एकटा पाहत नाही. १९व्या शतकात पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणकरांच्या काळ्या रंगाबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांना आढळलं की रंगात खोट नाही. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा फिका भासत होता. त्यांनी हा अभ्यास १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. तुमच्या पडद्यामागची भिंत नारिंगी असेल तर डोळा त्या नारिंगीशी जुळवून घेतो आणि पडद्यावरचा करडा निळसर वाटू लागतो. मग तुम्ही त्यात पिवळा वाढवता आणि छापील करडा मळका येतो. भिंत फिक्या करड्या रंगाची ठेवा, निदान नजरेच्या टप्प्यातली तेवढी. सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी मध्यम करडी ठेवा. गडद कपडेही उपयोगी पडतात, कारण चमकदार लाल सदरा काचेत उतरतो.

दिव्याचं तसंच. छापील नमुने पाहण्यासाठी उद्योगात ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण मानतात. घरगुती पिवळा दिवा २७०० केल्विनच्या आसपास असतो आणि खिडकीतला प्रकाश तासातासाला बदलतो. टेबलावर ५००० केल्विनचा, रंगदर्शन निर्देशांक (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वर असलेला दिवा लावा आणि रंगाचे निर्णय त्याखालीच घ्या. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय त्या वेळेपुरती बंद करा. तुमच्या ‘रात्रीच्या’ रंगाचं खापर बरेचदा तिच्याच माथी फोडता येतं.

छपाई गडद येते याचं नेहमीचं कारण म्हणजे पडदा जास्त उजळ असणं. नवे मॉनिटर कारखान्यातून डोळे दिपवतील इतके उजळ येतात. अर्धा तास चालू ठेवून मग कॅलिब्रेटरने (पडद्याचा रंग आणि उजेड मोजून जुळवणाऱ्या उपकरणाने) उजळपणा १०० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटरवर आणा आणि महिन्यातून एकदा ते काम पुन्हा करा. कॅलिब्रेटर नसेल तर कामचलाऊ उपाय असा : छपाईच्या कागदाचा कोरा ताव दिव्याखाली धरा, पडद्यावर पांढरं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत पडदा मंद करा. हा उपाय अचूक नाही, पण गडद छपाईच्या निम्म्या तक्रारी त्याने थांबतात.

पडद्यावरचा शुद्ध निळा छपाईच्या चार शायांत (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) जमतच नाही, तो जांभळ्याकडे झुकतो. त्याचा दोष कुणाला देऊ नका, सुरुवातीलाच दुसरा निळा निवडा. आणखी एक गंमत म्हणजे दोन करडे एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फटकून वागतात. निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून केलेला करडा प्रकाशाबरोबर जास्त डळमळतो. मुख्यतः काळ्या शाईचा करडा त्या मानाने स्थिर राहतो.

प्रश्न : वृत्तपत्री कागदावर काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं दिली. ‘भरती’ हा शब्द वाचकांना ‘मरती’ दिसला. छापखाना म्हणतो फाइल चुकली.

छापखान्याचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त. भ आणि म, घ आणि ध, या जोड्यांतला फरक शिरोरेषेतल्या बारीकशा फटीवर अवलंबून असतो. वृत्तपत्री कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि काळ्यातली पांढरी रेघ दोन्ही बाजूंनी बारीक होते. त्यात पट्टी चार शायांची असेल आणि एखादी प्लेट केसभर सरकली तर उरलीसुरली पांढरी जागाही रंगते.

आधी पट्टीचा काळा कशाने बनलाय ते पाहा. फोटोशॉपमध्ये आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांतला, काळा अमेरिकी छपाईच्या मूळ सेटिंगनुसार सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, नेला की ७५, ६८, ६७ आणि ९० असे चार आकडे येतात, बेरीज ३००%. वृत्तपत्री कागदाला साधारण २४०% च्या वर शाई सोसत नाही. पट्टी फक्त काळ्या शाईची, १००% ठेवा. पांढरी अक्षरं निदान १० पॉइंट आणि मध्यम जाडीची घ्या. बारीक जाडीचा टंक इथे मरतो आणि अतिठळक टंकात घ-ध च्या फटी मुळातच चिमुकल्या असतात. पांढऱ्या कागदावरची काळी अक्षरंही फक्त काळ्या शाईत ठेवा आणि रंगीत पार्श्वभूमीवर ती ओव्हरप्रिंट करा, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापा.

कागदाने अक्षराचं रूप बदलायला लावल्याचं प्रसिद्ध उदाहरण बेल सेंटेनियल या रोमन टंकाचं आहे. मॅथ्यू कार्टर यांनी तो १९७८ मध्ये अमेरिकी टेलिफोन डिरेक्टरीसाठी पुरा केला. ६ पॉइंटसारख्या आकारात आणि हलक्या कागदावर शाई सांध्यात साचते, म्हणून त्यांनी सांध्यांत खाचा कोरून ठेवल्या. शाई पसरली की खाच भरते आणि अक्षर नीट दिसतं. तोच टंक फलकावर मोठा करून लावला तर अक्षरांना उंदराने कुरतडल्यासारखं वाटतं.

प्रश्न : ३ बाय ६ मीटरचा फलक करायचा आहे. फाइल ३०० पीपीआयची (इंचाला ३०० पिक्सेल) मागतात, संगणक बंद पडतो. अक्षरं केवढी घ्यावीत?

३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या कागदाचा आहे. निरोगी डोळ्याला साधारण एक कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील वेगळा ओळखता येतो. ३० सेंटिमीटरवर हा तपशील ०.०८७ मिलिमीटरचा भरतो आणि इंचात असे सुमारे २९० बसतात. ३ मीटरवर तोच तपशील ०.८७ मिलिमीटरचा होतो, म्हणजे इंचाला २९ ठिपके. १० मीटरवर ९ पुरतात. कुणी जवळ येऊन पाहील म्हणून दुप्पट धरा. तीन मीटरवरून पाहायच्या फलकाला ६० पीपीआय भरपूर झाले.

तुमच्या मापाला ३०० पीपीआय म्हणजे ३५,४३३ बाय ७०,८६६ पिक्सेल, चार रंगांत सुमारे १० गिगाबाइट. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल एका बाजूला ३०,००० पिक्सेलपलीकडे जातच नाही. ६० पीपीआयला तेच काम ४०० मेगाबाइटमध्ये होतं. किंवा एक दशांश मापात, ३० बाय ६० सेंटिमीटरवर काम करा. तिथले ३०० पीपीआय प्रत्यक्षात ३० उरतात, तिथले ६०० प्रत्यक्षात ६०. छपाईवाल्याला ‘१:१०’ असं फाइलच्या नावातच लिहून द्या. अक्षरं आणि बोधचिन्ह पिक्सेलमध्ये न बदलता व्हेक्टरच (गणिती रेषांतच) ठेवा, त्यांना पीपीआयचा नियम लागत नाही.

अक्षराच्या उंचीसाठी पाटी रंगवणारे एक ठोकताळा वापरतात : दर ३ मीटर अंतराला २५ मिलिमीटर उंची. १२ मीटरवरून वाचायचं असेल तर १०० मिलिमीटर. मराठीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा, वेलांटी आणि उकार सोडून. पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नका. त्या आकड्यात मात्रा-उकारांची मोकळी जागा धरलेली असते आणि ती टंकागणिक बदलते. ‘म’ टाइप करून त्याची बाह्यरेषा करा आणि पट्टीने मोजून मोठा करा.

आणि जागेवर जाऊन या. ही पायरी गाळली की बाकीचं गणित वाया जातं. फलक खूप उंचावर असेल तर खालून पाहणाऱ्याला अक्षरं बसकी दिसतात. समोर काच असेल तर गडद पार्श्वभूमीत समोरच्या दिव्यांचं प्रतिबिंब उमटतं. मागे हिरवं झाड असेल तर हिरवा फलक त्यात विरघळतो. त्या जागेचा फोटो काढून मांडणी त्यात बसवा आणि तो फोटो मोबाइलवर तीन सेंटिमीटर रुंद करून पाहा. मुख्य ओळ वाचता आली नाही तर शब्द कमी करा.

प्रश्न : कल्पना कागदावर मांडावी की थेट संगणकावर? शिकवणारे कागदाचा हट्ट धरतात.

हट्ट रास्त आहे, पण त्याचं कारण भावनिक नसावं. प्रत्येक हत्यार आपला कल अक्षरावर उमटवतं. देवनागरीचं जाड-बारीक वळण बोरूच्या कापातून आलं आणि तो काप रोमन टाकाच्या उलट दिशेचा असतो. म्हणून रोमनच्या सवयीने काढलेलं मराठी अक्षर जाडी चुकीच्या जागी घेऊन बसतं. पुढे यंत्रं आली. लायनोटाइप या मजकूर जुळवणाऱ्या यंत्राच्या एका मॅगझिनमध्ये, म्हणजे साच्यांच्या पेटीत, ९० खोबणी असत. खिळ्यांच्या छपाईत देवनागरीला शेकडो खिळे लागायचे, ते तेवढ्यात कसे मावणार? अशा यंत्रांच्या सोयीसाठी एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं आडवी झाली, आणि तेच रूप आता अनेकांना ‘नैसर्गिक’ वाटतं.

संगणकाचा कल तपशिलाकडे असतो. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही सावली किती मऊ हवी यावर येता, मांडणी ठरायच्या आधीच. जाड मार्कर तपशील काढूच देत नाही. ५ सेंटिमीटर उंचीच्या बारा चौकटी आखा, अर्ध्या तासात बाराही भरा आणि मजकुराच्या जागी करडे पट्टे काढा. पहिल्या चार चौकटी सहसा कुठेतरी पाहिलेल्या निघतात. निवडलेल्या चौकटीचा फोटो पडद्यावर फिका करून ठेवा आणि त्यावर खरा मजकूर लावा. बसला नाही तर चौकट बदला, मजकूर दाबू नका.

आकडेवारीचे तक्ते किंवा चार-पाच आकारांत फिरणाऱ्या जाहिराती असतील तर कागद सोडून थेट संगणकावर जा. तिथे चौकटीपेक्षा नियम महत्त्वाचे असतात.

प्रश्न : बटणावरचा मराठी शब्द बरोबर मध्यावर ठेवूनही खाली सरकल्यासारखा दिसतो.

सॉफ्टवेअर अक्षराची नाही, टंकाच्या अदृश्य पेटीची मधली रेघ धरतं. त्या पेटीत वरच्या मात्रांची आणि खालच्या उकारांची जागा सारखी नसते. शिरोरेषा ते अक्षराचा पाय एवढाच पट्टा मोजा, तो बटणाच्या मध्यावर आणा आणि मग ‘शोधा’, ‘पुढे’, ‘नोंदणी’ असे खरे शब्द टाकून पाहा. एका शब्दासाठी जुळवू नका. सगळ्या बटणांना एकच सरकाव द्या, नाहीतर शेजारशेजारच्या बटणांच्या शिरोरेषा वरखाली होतील, आणि ते आधीच्यापेक्षा वाईट दिसतं.